मुलांना एक रात्र अंधाराची द्या

आई-बाबांनो, मुलांना घेऊन तळ्याकाठी, जंगलाशेजारी तंबूत राहायला जायचं ठरलं की तुमचे प्रश्न ठरलेले असतात. संडास-बाथरूम कसं आहे? जेवण फार तिखट नसतं ना? मोबाइलला रेंज येते का? आणि मग, जरा आवाज खाली आणून, "रात्रभर लाईट असते ना?" पहिले तीन प्रश्न रास्त आहेत, ते जरूर विचारा. चौथ्याबद्दल मात्र आज आपण जरा निवांत बोलू या. तिथे रात्रभर लाईट असेल तर एवढ्या लांब जाण्याचं निम्मं कारणच संपतं, असं मला वाटतं.

तुमच्या मुलानं खरा अंधार कधी पाहिलाय, आठवून बघा. घरात दिवे घालवले तरी समोरच्या इमारतीचा जिना उजळलेला असतो. रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या फटीतून आत येतो. वायफायच्या डब्यावर हिरवे ठिपके, चार्जरवर निळा. दिवे गेलेच तर इन्व्हर्टर आहे, नाहीतर सोसायटीचं जनरेटर. आपण लहान असताना दिवे जायचे, गल्लीत एकदम आरडाओरडा व्हायचा आणि सगळे ओट्यावर येऊन बसायचे. आपल्या मुलांच्या वाट्याला तेवढीही काळोखाची ओळख आलेली नाही. म्हणून त्यांची अंधाराची कल्पना बहुतेक मोबाइलवरच्या भुताच्या व्हिडिओतून आलेली असते.

ही ओळख करून द्यायला फार दूर जावं लागत नाही. मुंबई, पुणे, नाशिकच्या आई-बाबांना मी नेहमी भंडारदऱ्याचं नाव सुचवते. अकोले तालुक्यात रतनगडावर उगम पावणारी प्रवरा शेंडीजवळ अडवली आहे. विल्सन धरण म्हणतात ते हेच. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. सुमारे ८२ मीटर उंच भिंत आणि तिच्यामागे ११ टीएमसीच्या आसपास पाणी. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ मध्ये घोषित झालेलं. एकीकडे १६४६ मीटर उंचीचं कळसूबाईचं शिखर, दुसरीकडे रतनगड, आणि पाण्याच्या काठाकाठानं मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी अशी गावं. या गावांच्या शेतांत, पाण्याच्या कडेला तंबू लागतात. इगतपुरी-घोटीवरून वर चढून आलं की शहराचा उजेड डोंगरांमागे राहतो, आणि ढग नसले तर आभाळ काळं दिसायला लागतं.

उजेड असेपर्यंत मुलांना या जागेची माहिती सांगा. हे तळं देवानं केलेलं नाही, माणसांनी बांधलंय. इथं साठलेलं पाणी कालव्यांतून खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याकडच्या शेतांना जातं. तुमच्या चहातली साखर कदाचित याच पाण्यावरच्या उसाची असेल. काठावरच्या गावांत मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करून १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० ची पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, त्याच्या खांबांवरचं कोरीवकाम मुलांना बोटानं दाखवा. एवढं झालं की संध्याकाळ होतेच. मग खरं काम सुरू.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, हे मुलांना आधी सांगून ठेवा. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या पेशी उजेडात काम करतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशींना पूर्ण जागं व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढ्यात कुणी मोबाइल उघडला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अर्धा तास कुणीही काही उजळायचं नाही, बाबांनीही नाही! पहिली पाच मिनिटं मूल "काहीच दिसत नाही" म्हणत राहील. दहाव्या मिनिटाला ते स्वतःच म्हणेल, "तो डोंगर दिसतोय." त्यानंतर पाण्याची कड दिसते, मग वाट, मग शेजारी बसलेल्याचा चेहरा. आपोआप दिसू लागण्याचा हा अनुभव मुलाला आयुष्यभर पुरतो. अंधारात घाबरण्यासारखं काही नसतं असं आपण शंभरदा समजावतो, तेव्हा त्याला ते पटत नाही. इथे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं, आणि वर हेही पाहतं की अंधारात पुष्कळ काही असतं, फक्त घाई करायची नाही.

या वेळात खेळायला दोन-तीन खेळ सांगते. घरून निघताना लाल, निळ्या, पिवळ्या, हिरव्या कापडाचे तुकडे घ्या. अंधारात रंग ओळखायला लावा आणि मग टॉर्च लावून पडताळा. मंद उजेडातल्या पेशींना रंग कळत नाहीत, त्यामुळे लालभडक तुकडा सगळ्यांत आधी काळा पडतो आणि मुलं अक्षरशः भांडतात. दुसरा खेळ आवाजांचा. प्रत्येकानं कागदाच्या मध्यभागी फुली मारायची, ती म्हणजे आपण. जिकडून आवाज येईल तिकडे अंदाजानं एक खूण करायची. रातकिडे, बेडूक, काठावरून ओरडत जाणारी टिटवी, लाकडावर एकसारखं ठकठक केल्यासारखा रातव्याचा आवाज, गावातलं कुत्रं, लांबचा घाटातला ट्रक. तिसरा खेळ मोठ्यांसाठीही आहे. कृत्तिकांच्या पुंजक्याकडे सरळ बघा आणि चांदण्या मोजा. मग नजर किंचित बाजूला वळवून पुन्हा मोजा. आकडा वाढतो. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी नजरेच्या मध्यबिंदूपासून जरा बाजूला दाट असतात म्हणून हे होतं.

हिवाळ्यात गेलात तर आकाशाची ओळख सोपी. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेकडे वर आलेलं असतं. त्याच्या पोटातल्या एका ओळीतल्या तीन तारका कुठलंही मूल ओळखतं. ती ओळ खाली वाढवली की व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिका. बस्स, पहिल्या रात्रीसाठी एवढं पुरे. अ‍ॅपवर आकाश धरून दाखवायचा मोह आवरा. पडदा उजळला की वर दिसत होतं तेही जातं.

आता काजव्यांबद्दल. मेअखेरीला वळवाचे शिडकावे सुरू झाले की पावसाचा जोर वाढेपर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी येतात आणि पुष्कळदा एका लयीत लुकलुकतात. मुलांना सांगा, काजवा हा एक भुंगेरा आहे. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. प्राणवायूशी त्याचा संयोग होताना प्रकाश निघतो, पण उष्णता जवळजवळ नाही. हा उजेड म्हणजे नरानं मादीला घातलेली साद. मादी त्याला उजेडानंच उत्तर देते, आणि अनेक जातींत ती झाडाझुडपांत किंवा जमिनीलगत गवतात बसलेली असते. आयुष्यातला बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढतो. पंख फुटल्यावर हाताशी उरतात ते थोडे आठवडे. तेवढ्यातच त्याला जोडीदार शोधायचा असतो, तोही उजेडाच्या खुणेनं.

आता काजव्यांच्या झाडांजवळच्या रस्त्यांवर शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते, हेडलाइट झाडावर पडतात, माणसं फ्लॅश मारून फोटो काढतात, गवतात शिरतात. अशा झगमगाटात काजव्याची साद मादीपर्यंत पोचणार कशी? गवतात बसलेली मादी तर चपलेखालीच जाते. म्हणजे ज्याला बघायला आपण एवढे लांबून आलो, त्याचंच घर आपण उजेडानं मोडतो. वनविभाग या हंगामात प्रवेशाच्या वेळा, वाहनं, आवाज यांचे नियम घालतो. ते बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि मुलांसमोर ते नियम कुरकुरत पाळू नका. गाडी लांब उभी करून पायी चालत गेलात, रस्त्यावरूनच पाहिलंत, काजवा बाटलीत पकडायचा हट्ट नाकारलात, तर "दुसऱ्याच्या घरी कसं वागायचं" हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

अंधार जपण्याची ही कल्पना माझ्या एकटीची नाही. आपल्याच विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून फक्त खाली उजेड पाडणारे दिवे बसवले गेले. तिथेही वाघोली तलावाच्या परिसरात आकाशनिरीक्षणाची सोय केली आहे. जंगल, पाणी आणि काळोख यांची सांगड जपण्यासारखी आहे, हे सरकारी पातळीवरही लोकांना पटू लागलंय. नागपूर-भंडाऱ्याकडच्या आई-बाबांना तर हे घरातलंच.

तंबू लावणाऱ्यांशी फोनवर बोलताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. "रात्री लाऊडस्पीकर लावता का?" आणि "दिवे किती वाजता बंद करता?" रंगीत दिव्यांच्या माळा, मध्यरात्रीपर्यंत गाणी, बार्बेक्यूचा धूर, हे हवं असेल तर त्यासाठी शहराजवळ शेकडो जागा आहेत. तळ्याकाठी गावातल्याच कुटुंबानं चालवलेला तंबू शोधा. तिथे नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल. मुलासाठी बिनतिखटाचं वरण सांगितलंत तर तेही होईल. आणि पैसे त्या गावात राहतील. गावातल्या मुलांना चॉकलेटं वाटत सुटू नका. तुमच्या मुलाला त्यांच्याबरोबर खेळू द्या. काळोखात कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

आता तुमची काळजी. ती मला कळते, आणि तिच्यातला बराचसा भाग योग्यच आहे. अंधाराची ओळख म्हणजे बेफिकिरी असं कुणी समजू नये. आम्ही मुलांची शिबिरं घेतो, तिथे एक साधा नियम असतो: चालताना टॉर्च, बसल्यावर अंधार. पाऊल उचललं की टॉर्च पायाशी धरायची, दुसऱ्याच्या तोंडावर नाही. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबरबँडनं लावा. मंद लाल उजेडानं डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही. तंबूची चेन कायम बंद. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना होतात, म्हणून उघड्यावर पथारी टाकू नका. बूट तंबूच्या आत ठेवा आणि घालण्याआधी झटका. खाण्याचे डबे तंबूत ठेवून झोपू नका. रात्री लघवीला लहान मुलाला एकटं सोडायचं नाही. या डोंगरांत बिबट्या आहे. तंबूत शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली कधीही नेऊ नका, थंडी कितीही असो. बंद जागेत साठणारा विषारी वायू झोपेतच जीव घेतो. शेकोटी मालकानं ठरवलेल्या जागीच, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची. अभयारण्यात वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

पाण्याबद्दल मात्र मी कठोर आहे. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा उतरत जात नाही. गाळ असतो, एकदम खोल होतो, आणि पाण्याची पातळी हंगामाप्रमाणे बदलत असल्यानं गेल्या वेळची उथळ जागा या वेळी उथळ असेलच असं नाही. सूर्य मावळल्यावर मुलं पाण्याजवळ जाणार नाहीत, विषय संपला. दिवसाही होडीत बसायचं तर अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट हवं; दंडावर लावायचे हवेचे फुगे जीव वाचवत नाहीत. प्रतिसर्पविष ठेवणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं हे आधीच विचारून ठेवा, १०८ क्रमांक लक्षात असू द्या, आणि रेंज कुठल्या वळणावर येते ते संध्याकाळीच बघून ठेवा. एवढी तयारी झाली की अंधाराला घाबरण्याचं कारण उरत नाही.

हंगामाचंही सांगते. लहान मुलांसह पहिल्यांदाच जात असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पहाटे थंडी कडाक्याची असते, तंबूचं कापड आतून दवानं ओलं होतं, म्हणून कानटोपी, मोजे आणि एक जादा पांघरूण हवंच. काजव्यांसाठी जाल तेव्हा तंबूचा हट्ट सोडा, गावातल्या घरी राहा. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. वीज कडकडू लागली की झाडाखाली, पाण्याकाठी थांबायचं नाही, घरात किंवा गाडीत जायचं. भर पावसाळ्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस असा कोसळतो की तंबूत मूल घेऊन राहण्यात शहाणपण नाही. तेव्हा दिवसा धबधबे बघा आणि परत या.

भीतीबद्दल थोडं. तीन-चार वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंत अंधाराची भीती वाटणं अगदी नैसर्गिक आहे. या वयात कल्पनाशक्ती झपाट्यानं वाढते, आणि जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे ती चित्रं काढते. अशा मुलाला "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" असं म्हणू नका. त्याला मांडीवर घ्या, हात धरून बसा, हवी तर ती लाल टॉर्च त्याच्याच हातात द्या. चालू-बंद करायचा अधिकार त्याचा. हळूहळू ते स्वतःच ती बंद ठेवू लागतं. मोठी चुलत-मावस भावंडं शेकोटीशी वेताळ-हडळीच्या गोष्टी सांगणारच, त्यात गंमत आहे. पण ज्याला नको असेल त्याला उठून जायची मुभा असावी, आणि गेला म्हणून कुणी हसायचं नाही. आणि घरी "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल" हे तुमचं वाक्य असेल, तर ते आजपासून सोडा. काळोखात बुवाला आपणच बसवायचं आणि मग मूल घाबरट आहे म्हणायचं, हे बरोबर नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची अडचण वेगळी. त्यांना अंधार नको असतो, कारण अंधारात मोबाइल नसतो. त्यांच्याशी वाद घालू नका. सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, जेवणानंतर एका पिशवीत ठेवा. निकडीसाठी एकच चालू, तोही खिशात. मग त्यांना काम द्या: तंबू त्यांनी लावायचा, आकाशातली दिशा त्यांनी शोधायची, धाकट्याला लघवीला त्यांनी न्यायचं. काळोखात काहीतरी जबाबदारी अंगावर असलेलं मूल कंटाळत नाही. तासाभरानं ते जवळ येऊन बसतं, आणि उजेडात जे बोलत नाही ते बोलतं. तोंड दिसत नसलं की मुलांना मन मोकळं करणं सोपं जातं. तुम्ही तेव्हा उपदेश मात्र करू नका, नुसतं ऐका.

राहिली घरातली अडचण. चांदण्या आणि काजवे दोन्ही सर्वांत छान दिसतात ते अमावास्येच्या आसपास, आणि "अमावास्येला कुठे निघालात लेकरं घेऊन?" हा प्रश्न आजी विचारणारच. तिच्याशी विज्ञानाचा वाद कशाला घालायचा? कालनिर्णय उघडा आणि अमावास्येनंतरची शुद्ध द्वितीया-तृतीया कोणत्या शनिवारच्या जवळ येते ते बघा. चंद्रकोर साधारण नऊच्या आत मावळते, पुढची सगळी रात्र तुमची. आजीचंही मन राहतं.

आणि एक करा, आजीला बरोबरच न्या. बसायला पाठ असलेली खुर्ची, अंगावर घोंगडी किंवा जाड शाल, तंबूऐवजी संडास जवळ असलेली खोली, एवढी सोय केली की झालं. घरात खरा अंधार अनुभवलेली कदाचित ती एकटीच आहे. तिच्या लहानपणी गावात वीज नव्हती. कंदील घेऊन परसात जाणं, अंगणात झोपणं, चांदण्यांवरून वेळ ओळखणं हे तिनं केलंय. फेब्रुवारीअखेरीला रात्री दहानंतर सप्तर्षी ईशान्येला वर आले की तिला विचारा. ती सांगेल, त्या चार चांदण्या म्हणजे म्हातारीची बाज आणि मागच्या तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. आपल्या पुस्तकी माहितीपेक्षा मुलांना ते चोर जास्त आवडतात. तेव्हा गाडीत तिला पुढची जागा द्या, आणि दिवे मालवले की मुलांना तिच्या ताब्यात देऊन तुम्हीही ऐकायला बसा.